थ्रस्टर बनतो हो, पण त्याचा धक्का मोजायचा कसा?

इलेक्ट्रिक थ्रस्टर, म्हणजे विजेच्या जोरावर यानाला ढकलणारं इंजिन, घरी बनवा असं यूट्यूबवर शोधलं की ढिगाने व्हिडिओ येतात आणि बहुतेकांत तेच असतं, एक बारीक तार, तिच्याखाली ॲल्युमिनियम फॉइल आणि वीस-तीस हजार व्होल्टचा सप्लाय. स्विच टाकला की फॉइल उचललं जातं आणि बघणारा खूश. ते खोटं नाहीये, पण तो अंतराळयानाचा थ्रस्टर नाही. तिथे तारेजवळची हवा आयनाइज होते, ते आयन फॉइलकडे धावतात आणि वाटेतल्या हवेला ढकलत नेतात, म्हणजे धक्का येतो तो हवेला ढकलल्यामुळे. एमआयटीच्या स्टीव्हन बॅरेट यांच्या टीमने २०१८ मधे याच तत्त्वावर ५ मीटर पंखांचं, जेमतेम अडीच किलोचं विमान ४० हजार व्होल्ट वापरून ६० मीटर उडवलं, जाम भारी काम आहे ते. पण ते विमान आहे. हवा काढून घेतली की संपलं.

आम्ही फायनल इयरला प्रोजेक्ट घेतला तेव्हा पहिली अट हीच ठेवली होती की जे ढकलायचं ते थ्रस्टरने स्वतःबरोबर आणलं पाहिजे आणि तो व्हॅक्यूममधे चालला पाहिजे. आणि दुसरी अट, जी नंतर सगळ्या प्रोजेक्टवर भारी पडली, की धक्का किती बसतो ते आकड्यात सांगता आलं पाहिजे. नुसता निळा-जांभळा प्रकाश दाखवून चालणार नाही. प्रकाश कशातूनही निघतो, ट्यूबलाइटमधून पण निघतो, म्हणून ट्यूबलाइट थ्रस्टर होत नाही.

आता सगळ्यांना पहिल्यांदा आयन इंजिन किंवा हॉल थ्रस्टर करावासा वाटतो (दोन्ही गॅसचे आयन करून ते विजेच्या जोरावर बाहेर फेकतात), आम्हाला पण वाटला. नासाचं डॉन यान आयन इंजिनावरच व्हेस्टाला गेलं, तिथून निघून सिरीसला गेलं, दोन वेगवेगळ्या खगोलांभोवती फिरलेलं पहिलं यान, ४२५ किलो झेनॉन घेऊन निघालं होतं. इस्रोच्या जीसॅट-९ वर २०१७ मधे झेनॉनवाली इलेक्ट्रिक सिस्टिम होती आणि मार्च २०२५ मधे इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची १००० तासांची टेस्ट पूर्ण केल्याचं जाहीर केलं. हे सगळं वाचलं की वाटतं आपणही हॉलच करूया. पण हॉलला झेनॉन पाहिजे (महाग), गॅस मोजून सोडणारा कंट्रोलर पाहिजे, बाहेर पडणाऱ्या आयनांच्या मागोमाग इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड पाहिजे, नाहीतर यान निगेटिव्ह चार्ज होऊन आयन परत ओढून घेतं, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो गॅस सतत सोडत असतो तो उपसायला पंप तेवढा तगडा पाहिजे. कॉलेजचा पंप तिथेच हात टेकतो.

म्हणून पल्स्ड प्लाझ्मा थ्रस्टर, सगळे पीपीटीच म्हणतात. यात टाकी नाही, व्हॉल्व्ह नाही, पाइप नाही. इंधन म्हणजे टेफ्लॉनची कांडी, तव्याला असतं तेच टेफ्लॉन. दोन तांब्याच्या पट्ट्या समोरासमोर, मधे मागच्या बाजूला टेफ्लॉन, पट्ट्यांना थेट जोडलेला चार्ज केलेला कपॅसिटर. व्हॅक्यूम असल्यामुळे हजार-दीड हजार व्होल्ट असले तरी पट्ट्यांमधे स्पार्क आपोआप पडत नाही. मग एक छोटी ठिणगी द्यायची, तिच्यातून थोडे इलेक्ट्रॉन सुटतात, टेफ्लॉनच्या पृष्ठभागावरून डिस्चार्ज सुरू होतो, त्या उष्णतेने टेफ्लॉनचा अगदी पातळ थर उडून त्याचाच प्लाझ्मा होतो, आणि हजारो अँपिअरचा करंट एका पट्टीतून जाऊन प्लाझ्मातून दुसऱ्या पट्टीने परत येतो. या करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र त्याच प्लाझ्माला बाहेर फेकतं, बारावीच्या फिजिक्समधला लॉरेंट्झ फोर्स, अजून काही नाही. (छोट्या एनर्जीला नुसतं गरम होऊन बाहेर पडणाऱ्या गॅसचा वाटाही बराच असतो, सगळं श्रेय लॉरेंट्झला देऊ नये.) हे सगळं साधारण दहा मायक्रोसेकंदात संपतं.

आणि हे काही खेळण्यातलं डिझाइन नाही. अंतराळात गेलेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक थ्रस्टरांमधे पीपीटी आहे, सोव्हिएत झोंड-२ हे मंगळाकडे ३० नोव्हेंबर १९६४ ला सुटलं त्यावर दिशा धरून ठेवायला सहा होते. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या सर्ट-१ वरचं आयन इंजिन ३१ मिनिटं चाललं होतं. मग १९६८ मधे एलईएस-६ नावाच्या अमेरिकन उपग्रहावर टेफ्लॉनचा पीपीटी गेला, आणि त्याचे आकडे आम्ही पाठच करून टाकले होते: २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १३६० व्होल्ट, म्हणजे १.८५ ज्यूल, आणि दर पल्सला २६ मायक्रोन्यूटन-सेकंद एवढा इम्पल्स (म्हणजे धक्का गुणिले तो जितका वेळ टिकला तो वेळ). हे वाचल्यावर डोक्यात बसलं की २ ज्यूल आपल्याला झेपतात, कपॅसिटर आपल्याला मिळतो, आणि उत्तर किती यायला पाहिजे याचा एक अंदाज पन्नासेक वर्षांपूर्वीचा तयार आहे. प्रोजेक्टला याहून चांगला आधार कुठला असतो सांगा.

व्हॅक्यूमचं काय केलं ते सांगते, कारण हाच प्रश्न सगळे विचारतात. बऱ्याच जुन्या कॉलेजांच्या फिजिक्स डिपार्टमेंटमधे थिन फिल्मसाठी घेतलेली १२ इंची बेल जारवाली कोटिंग युनिट असते, रोटरी पंप, त्याच्या डोक्यावर डिफ्युजन पंप (गरम तेलाच्या वाफेने उरलेली हवा उपसणारा), आणि प्रेशर मोजायला पिरानी आणि पेनिंग गेज. कित्येक ठिकाणी ती झाकून ठेवलेली असते. ती आमच्यासाठी सोन्याची खाण निघाली कारण बेसप्लेटमधून हाय व्होल्टेज आत न्यायची सोय आधीच असते, ग्लो डिस्चार्जने काच साफ करायला ती लागते ना. नीट चालवली तर ०.००००१ मिलीबारपर्यंत जाते, त्या प्रेशरला हवेचा एक रेणू दुसऱ्याला धडकायच्या आधी काही मीटर जातो, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या जारमधे हवा नसल्यातच जमा.

ती युनिट खरी चालवता येते ती लॅबमधल्या मामांना. मॅडमनी सांगितलं होतं की मामांना विचारल्याशिवाय एका व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, आणि ते किती बरोबर होतं. आधी रफिंग (रोटरी पंपाने जारमधली हवा काढणं), मग बॅकिंग (तोच पंप डिफ्युजन पंपाच्या मागे जोडणं), मग डिफ्युजन पंपाचं पाणी चालू आहे का बघायचं, मग हीटर, मग थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मोबाईल बघत बसायचं नाही, पाण्याच्या पाइपवर हात ठेवून बघायचं की बाहेर येणारं पाणी किती कोमट आहे. मामा म्हणायचे, "पोरी, तेल गरम असताना हवा आत घेतलीस ना, तर तेल जळलंच म्हणून समज. घाई असेल तर उद्या ये." बंद करताना तर जास्तच वेळ. दिवसातला अर्धा वेळ पंप तापण्यात आणि गार होण्यात जातो, हे वेळापत्रक आखताना धरलं पाहिजे.

एक गोष्ट इथे महत्त्वाची. हवा उपसत असताना मधला एक टप्पा असा येतो की तिथे विजेला पळायला सगळ्यात सोपं असतं. पाशेनचा नियम म्हणतात त्याला. हवेसाठी प्रेशर आणि अंतराच्या एका ठराविक गुणाकाराला साधारण ३२७ व्होल्टलासुद्धा डिस्चार्ज होतो, आणि आमच्या २ सेंटिमीटरच्या गॅपसाठी तो टप्पा ०.४ मिलीबारच्या आसपास. म्हणजे पट्ट्यांवर १४०० व्होल्ट देऊन पंप चालू केला तर वाटेतच सगळा जार गुलाबी होणार. गुलाबी दिसलं म्हणजे प्लाझ्मा झाला, पण तो थ्रस्टरचा नाही, उरलेल्या हवेचा. आम्ही नियम केला होता की पेनिंग गेज ०.०००१ मिलीबारच्या खाली स्थिर दाखवत नाही तोवर चार्जिंगला हात नाही.

थ्रस्टर बनवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते खरंच सोपं आहे. तांब्याच्या पट्ट्या आणि टेफ्लॉनचा ब्लॉक लेथवाल्या काकांनी करून दिला, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कपॅसिटर आणि बाकी सुटं सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत फिरून जमवलं. कपॅसिटर चार घेतले, पॅरलल लावून २ मायक्रोफॅरड, आणि ते पट्ट्यांना शक्य तितके चिकटवून बसवले, कारण तार जितकी लांब तितकी इंडक्टन्स (करंट वाढायला होणारा अडथळा) जास्त आणि करंटचा शिखर-आकडा तितका खाली येतो. १४०० व्होल्टला हिशोब बसतो १.९६ ज्यूल. ते दहा मायक्रोसेकंदात मोकळे होतात तेव्हा तेवढ्या क्षणापुरती पॉवर असते जवळपास २०० किलोवॅट, आणि सप्लाय आमचा काही वॅटचा, पूर्ण कपॅसिटर भरायला त्याला काही सेकंद लागतात. पल्स्ड शब्दाचा सगळा फायदा हाच आहे, छोट्या उपग्रहाच्या छोट्या सोलर पॅनलला हे परवडतं.

डोकं लावायला लागलं ते ठिणगीला. स्कूटरचा स्पार्क प्लग बाहेर हवेत मस्त चालतो, व्हॅक्यूममधे गप्प बसतो, कारण ठिणगीला लागणारी हवाच नाही. खऱ्या पीपीटींमधे सेमीकंडक्टर प्लग असतो, त्याच्या पृष्ठभागावरून करंट सरकतो. आम्ही प्लगच्या चिनीमातीवर शिसपेन्सिलीचं ग्राफाइट घासून एक पातळ वाट काढून दिली आणि मोटरसायकलच्या इग्निशन कॉइलने पल्स दिला, की चट्. दर थोड्या दिवसांनी ग्राफाइट उडून जातं, परत घासायचं.

लाइट बंद करून पहिल्यांदा बघितलं तेव्हा जे दिसलं ते असं, आवाज अजिबात नाही (हवा नाही तर आवाज कसला), फक्त रिलेची टिक आणि त्याच क्षणी पट्ट्यांच्या तोंडातून निळसर पांढरा झोत, मुळाशी जवळजवळ पांढरा आणि टोकाला जांभळट, डोळा मिटायच्या आत संपलेला. काचेवर समोरच्या बाजूला काही दिवसांत तपकिरी थर दिसायला लागतो, तो टेफ्लॉनमधला कार्बन आणि फ्लोरिनच्या संयुगांचा. जार उघडताना खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज, आणि लगेच नाक खुपसायचं नाही, तापलेल्या टेफ्लॉनमधून निघणारे वायू छातीला वाईट असतात.

इथवर आलं की बहुतेक जण रिपोर्ट लिहायला घेतात. झोत दिसला, फोटो आला, व्हिडिओ झाला. पण इथवर आम्हाला एवढंच माहीत होतं की आपण व्हॅक्यूममधे एक स्पार्क पाडतोय. थ्रस्टर म्हणायचं तर धक्का दाखवा.

आणि धक्का किती? एलईएस-६ सारखा धरला तर २६ मायक्रोन्यूटन-सेकंद. सेकंदाला एक पल्स मारला तर सरासरी २६ मायक्रोन्यूटन, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या थोडं वर वजन. आणि ते मोजायचं कशावर, तर ज्यावर थ्रस्टर आणि कपॅसिटर मिळून ३०० ग्रॅम बसलेत अशा वस्तूवर. म्हणजे आपल्या वजनाच्या लाखाव्या हिश्शाएवढा धक्का ओळखायचा, तोही पंप चालू असलेल्या, बाहेरून पीएमपीच्या बसेस जाणाऱ्या इमारतीत.

साधा तराजू इथे कामाचा नाही, तो वजनच मोजत बसतो. कामाचा आहे टॉर्शन बॅलन्स, उभ्या ताणलेल्या तारेला मधोमध आडवी दांडी, एका टोकाला थ्रस्टर आणि दुसऱ्याला तेवढ्याच वजनाचं पितळ. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, दांडी आडवी फिरते, दोघांचा एकमेकांशी संबंध तुटला. कॅव्हेंडिशने १७९८ मधे पृथ्वीची घनता काढली ती याच कल्पनेवर. आमची तार म्हणजे गिटारची सगळ्यात बारीक स्टीलची तार, पाव मिलिमीटरची, दांडीच्या वर एक तुकडा आणि खाली एक तुकडा. दांडी प्रत्येक बाजूला १० सेंटिमीटर, जारमधे तेवढीच मावते. एक झोका पूर्ण व्हायला वीस सेकंदांच्या वर लागतात, इतकं ते मऊ आहे.

ह्या तारेचा दुसरा उपयोग सुचला तेव्हा आम्ही सगळे जागच्या जागी उड्या मारत होतो. थ्रस्टरला वीज न्यायची तर वायर लागणार, आणि वायर म्हणजे स्प्रिंग, ती दांडीला ओढणार. मग वायर टाकायचीच कशाला, वरची गिटारची तार हाय व्होल्टेज नेईल आणि खालची तार अर्थ. कपॅसिटर दांडीवरच, मेगाओहमच्या रेझिस्टरमधून हळूहळू भरायचा, भरला की रिलेने सप्लाय तोडायचा, दांडी शांत होऊ द्यायची आणि मगच फायर. डिस्चार्जचा हजारो अँपिअरचा करंट पूर्ण दांडीवरच फिरतो, बाहेरच्या कुठल्याही तारेतून जात नाही. फक्त इग्निशनसाठी एक तिसरी, केसासारखी एनॅमल वायर ठेवावी लागली, अक्षाच्या अगदी जवळून ढिली सोडलेली. तिच्याबद्दल पुढे येतंच.

दांडीवर छोटा आरसा, बाहेरून लेसर, आणि ठिपका ३ मीटरवरच्या भिंतीवर ग्राफ पेपरवर. दांडी जितकी फिरते त्याच्या दुप्पट ठिपका फिरतो. हिशोबाने ठिपका एक सेंटिमीटरच्या आसपास सरकायला हवा होता. व्हॅक्यूममधे एकदा दांडी हलली की थांबतच नाही, हवेचं ब्रेकिंग नाही ना, म्हणून पितळी वजनाच्या बाजूला खाली तांब्याची पट्टी आणि बेसप्लेटवर मॅग्नेट लावून एडी करंटचं डॅम्पिंग दिलं. मॅग्नेट मुद्दाम थ्रस्टरपासून लांबच्या टोकाला, नाहीतर तोच खोटा धक्का द्यायचा.

कॅलिब्रेशनशिवाय ठिपक्याला काही अर्थ नाही. ते असं केलं की २ सेंटिमीटरचे चौकोनी ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, एक दांडीवर आणि एक बेसप्लेटवर, २ मिलिमीटर अंतरावर. त्यांच्यात ५०० व्होल्ट दिले की सूत्राप्रमाणे ११० मायक्रोन्यूटनचं आकर्षण होतं, ते पाव सेकंदाच्या आत ठराविक वेळ चालू ठेवलं की हवा तेवढा इम्पल्स मिळतो. पण सूत्र म्हणतं म्हणून मान्य कसं करायचं, पत्र्याच्या कडांना फील्ड फुगतं, अंतर दशांशभर चुकलं तरी आकडा बदलतो. मग तीच पत्र्यांची जोडी केमिस्ट्री लॅबच्या चार दशांशवाल्या डिजिटल बॅलन्सवर ठेवून बघितली, ११० मायक्रोन्यूटन म्हणजे ११ मिलिग्रॅम आणि थोडं, तो बॅलन्स ०.१ मिलिग्रॅम दाखवतो. केमिस्ट्रीतला तो बॅलन्स आमच्या प्रोजेक्टचा पाया आहे असं मी छातीठोकपणे सांगेन, स्पेस म्हटल्यावर तिकडे कोणी बघत नाही पण बघायला पाहिजे.

मोजमाप सगळं रात्री, रोटरी पंप तेवढ्यापुरता बंद करून. फायर केलं, ठिपका सरकला, ९ मिलिमीटर. कोणीही नाचेल. पण आम्ही ठरवूनच ठेवलं होतं की पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि याचं कारण एमड्राइव्ह. शंकूसारखा बंद धातूचा डबा, आत मायक्रोवेव्ह, बाहेर काहीच जात नाही आणि तरी धक्का बसतो असा दावा. नासाच्या एका छोट्या लॅबने २०१६ मधे पेपर छापला की किलोवॅटला १.२ मिलिन्यूटन दिसतोय. जगभर बातम्या. मग जर्मनीत ड्रेस्डेनला मार्टिन ताजमार यांच्या टीमने त्याच्याहून चांगला बॅलन्स बांधला, २०१८ मधे दाखवलं की पॉवर डब्याकडे जाऊच दिली नाही तरी 'धक्का' दिसतो, केबलमधला करंट आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्यामुळे तो येऊ शकतो, आणि २०२१ पर्यंत उरलासुरला परिणामही तापून सरकणाऱ्या माउंटिंगच्या खात्यात गेला. एवढ्या अनुभवी लोकांचा आकडा वायरमुळे येऊ शकतो तर आमच्या ९ मिलिमीटरला कोण विचारतं.

म्हणून थ्रस्टर दांडीवरच उलटा फिरवून बसवला. झोत उलट दिशेला, म्हणजे ठिपकाही उलट सरकायला पाहिजे आणि तेवढाच. सरकला उलटाच, पण ७ मिलिमीटर. ९ आणि ७, सारखे नाहीत! मग कपॅसिटर रिकामा ठेवून नुसती इग्निशनची पल्स दिली, टेफ्लॉनचा झोत नाहीच, आणि ठिपका १ मिलिमीटर सरकला, थ्रस्टर कुठल्याही दिशेला असो, नेहमी त्याच बाजूला. ती तिसरी एनॅमल वायर. काही हजार व्होल्टचा झटका बसला की ती जवळच्या धातूकडे ओढली जाते आणि दांडीला हलकासा हिसका देते. ८ अधिक १ बरोबर ९, ८ वजा १ बरोबर ७. फळ्यावर हे दोन ओळीत लिहिल्यावर मॅडम काही न बोलता खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आता तिसरी टेस्ट करा, तोंड अक्षाकडे." तोंड अक्षाकडे म्हणजे झोत दांडीच्या रेषेतच, त्याने दांडी फिरायलाच नको. केली. वायरचा तोच १ मिलिमीटर सोडून काही नाही.

म्हणजे खरा धक्का ८ मिलिमीटरचा. कॅलिब्रेशनमधून काढला तर दर पल्सला २२ मायक्रोन्यूटन-सेकंद, चार वर किंवा चार खाली. एलईएस-६ ला १.८५ ज्यूलमधे २६. त्या चारमधे मोठा वाटा पल्सगणिक होणाऱ्या फरकाचा आहे (टेफ्लॉनवर काळा थर बसला की पल्स अशक्त होतो) आणि थोडा ग्राफ पेपर वाचण्याचा. शिवाय जार लहान आहे, काचेवर आपटून परत येणारा गॅस दांडीला लागतो, त्याचा हिशोब आम्ही वेगळा करू शकलो नाही, तो रिपोर्टमधे तसाच लिहिलाय.

२२ मायक्रोन्यूटन-सेकंद ऐकून घरच्यांनी विचारलं की याने काय हलणार. खरंच हलतं. १० सेंटिमीटरचा एक क्यूबसॅट (चौकोनी ठोकळ्यासारखा छोटा उपग्रह) घ्या, १.३३ किलोचा. एका पल्सने त्याचा वेग सेकंदाला ०.०१७ मिलिमीटरने वाढतो. सेकंदाला १ मीटर वेग बदलायचा तर साधारण ६० हजार पल्स, सेकंदाला एक या दराने १७ तास. वीज लागेल ३३ वॅट-तास. आणि टेफ्लॉन? झोताचा वेग एलईएस-६ इतका, सेकंदाला ३ किलोमीटर धरला तर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. कोपऱ्यात बसणाऱ्या टेफ्लॉनच्या तुकड्यावर उपग्रह जागा बदलू शकतो, आणि टाकी फुटायची भीती नाही, गळती नाही, त्यामुळे लाँचच्या वेळी शेजारच्या मोठ्या उपग्रहवाल्यांनाही धास्ती नाही. आपल्याकडे विद्यार्थ्यांनी केलेले उपग्रह, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा स्वयम जून २०१६ मधे आणि आयआयटी बॉम्बेचा प्रथम सप्टेंबर २०१६ मधे, पीएसएलव्हीवरून गेले. स्वयम दिशा धरायला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाच आधार घ्यायचा. विद्यार्थ्यांच्या पुढच्या उपग्रहावर स्वतःचा थ्रस्टर असावा असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि पीपीटी त्यासाठी सगळ्यात जवळचा आहे.

सेफ्टीबद्दल हात जोडून सांगते. २ ज्यूल ऐकायला किरकोळ आहेत पण १४०० व्होल्ट आहेत, सप्लाय त्यामागे उभा आहे आणि जार काचेचा आहे. कपॅसिटरवर कायम ब्लीडर रेझिस्टर (चार्ज हळूहळू काढून टाकणारा), जार उघडल्यावर आधी अर्थिंगची काठी लावायची आणि ती लावूनच ठेवायची, कारण फिल्म कपॅसिटर शॉर्ट करून सोडला तरी थोडा चार्ज परत वर येतो. जारभोवती लोखंडी जाळी, कारण ३० सेंटिमीटर व्यासाच्या जारच्या माथ्यावर हवेचा दाब सातशे किलोच्या वर असतो. एकटीने कधीच नाही, दुसरं माणूस मेन स्विचजवळ पाहिजेच. आणि मायक्रोवेव्ह ओव्हन उघडून त्यातला ट्रान्सफॉर्मर काढायचा विचार कोणी करत असेल तर तो इथेच सोडा, त्याने खरोखर माणसं गेली आहेत. करंट मर्यादित असलेला लॅबचा सप्लायच घ्या.

आता पुढचं काम चालू आहे ते टेफ्लॉनचं वजन मोजण्याचं. एका पल्सला दहा मायक्रोग्रॅमच्या आत उडतं, चार दशांशाच्या बॅलन्सला ते दिसत नाही, म्हणून हजारोंनी पल्स मारून आधी-नंतरचं वजन घ्यायचं. तो आकडा आला की झोताचा वेग आमचा स्वतःचा निघेल, एलईएस-६ कडून उसना घ्यावा लागणार नाही. त्याशिवाय इग्निशनची तिसरी वायर काढून टाकायची आहे, दांडीवरच छोटी बॅटरी आणि इग्निशन सर्किट ठेवून इन्फ्रारेडने ट्रिगर द्यायचा, टीव्हीच्या रिमोटचा रिसिव्हर त्याला पुरतो. ते जमलं तर ९ आणि ७ च्या जागी दोन्हीकडे ८ यायला पाहिजेत, आले की आकड्यांसकट इथेच टाकते. तुमच्या कॉलेजात झाकलेली कोटिंग युनिट असेल तर आधी डिफ्युजन पंपाचं तेल आणि पाण्याची लाइन तपासून घ्या आणि मामांना विचारा ती शेवटची कधी चालली होती. बॅलन्सची ड्रॉइंग हवी असतील तर मागा, देते.